कोलमनचे अठ्ठ्याण्णव सामने

एसेंडन स्टेशनवर उतरलात की रस्ता विचारायची गरज नाही, गर्दी जिकडे चालली आहे तिकडे चालत राहा. तारीख 16 एप्रिल 1949, ईस्टरचा शनिवार. मेलबर्नच्या वायव्येकडचं हे उपनगर. पुरुषांच्या डोक्यावर हॅट, पोरांच्या गळ्यात लाल-काळे मफलर. युद्ध संपून चार वर्षं होत आली, पण चहा आणि लोणी अजून रेशनवरच आहे. नेपियर स्ट्रीटला लागून, विंडी हिल नावानं ओळखलं जाणारं मैदान आहे. उंचवट्यावरची उघडी जागा, वाऱ्याला अडवणारं काही नाही. आत शिरा आणि थेट गोलच्या खांबांमागे जागा धरा. आज बघण्यासारखं जे काही आहे ते तिथंच घडणार आहे.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल तुम्हाला नवा असेल, तर गोंधळून जाऊ नका. मैदान क्रिकेटचंच, लंबगोल. हिवाळ्यात फक्त खेळ बदलतो. दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू आणि अंड्याच्या आकाराचा चामडी चेंडू. प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला की गोल, सहा गुण. बाजूच्या फटीतून गेला तर एकच. गोल झाला की पांढरा कोट घातलेला पंच दोन झेंडे फडकावतो. बाकीचे नियम बघता बघता कळतील, पण एक आधीच माहीत हवा. लांबून लाथाडलेला चेंडू मधे कुणाचाही हात न लागता तुम्ही झेलला, तर खेळ तुमच्यासाठी थांबतो आणि कुणी अंगावर न येता तुम्हाला किक मारता येते. याला मार्क म्हणतात. मार्क घ्यायला उडी मारताना पुढच्याच्या पाठीवर गुडघा टेकला, खांद्यावर चढलात, तरी चालतं. नजर मात्र चेंडूवर हवी. माणसांवरून उडणं या खेळात कायदेशीर आहे, आणि माझ्या मते या खेळाचं अर्धं वेड या एका नियमात आहे.

आता तो दहा नंबरवाला बघा. काळी जर्सी, तिच्यावर खांद्यापासून कमरेपर्यंत तिरपा लाल पट्टा, पूर्ण बाह्या. जॉन कोलमन, वय वीस, शरीरानं सडपातळ. जन्म पोर्ट फेअरीचा, नाव कमावलं हेस्टिंग्ज या किनाऱ्यावरच्या गावाच्या संघात. तिथं गोलांची रास लावली म्हणून एसेंडन क्लबनं त्याला बोलावलं. जागा फुल-फॉरवर्डची, म्हणजे गोलच्या अगदी समोर. चेंडू लांब असताना तो नुसता उभा असतो, जणू खेळाशी त्याचा काही संबंधच नाही. शेजारी आजच्या प्रतिस्पर्धी हॉथॉर्न संघाचा फुल-बॅक, म्हणजे त्याला अडवणारा बचावपटू, त्याला खेटून उभा. मधल्या फळीतून कुणीतरी चेंडू उंच उडवतो. चार-पाच जण त्याखाली जमतात, कोपरं चालतात. आणि त्या घोळक्यामागून दोन लांब बाह्या वर येतात, इतक्या वर, की क्षणभर खालच्यांची डोकी त्याच्या कमरेपाशी दिसतात. चेंडू तळहातांत बसतो. खाली येताना तो कधी पायांवर उतरतो, कधी पाठीवर आदळतो. मग उठतो, मोजून मागे जातो, धावत येतो आणि किक मारतो. दोन झेंडे.

आज हे बारा वेळा होणार आहे. पहिल्याच सामन्यात बारा गोल. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये पदार्पणात इतके आजवर दुसऱ्या कुणालाही जमलेले नाहीत.

दर क्वार्टरनंतर संघ टोकं बदलतात. कोलमन समोरच्या टोकाला गेला की शेकडो माणसं हातात मीट पाय घेऊन मैदानाला वळसा घालून त्याच्यामागे जायला लागतील. तुम्हीही जा. शेजारचा म्हातारा म्हणेल, "हा पोरगा अजून बारा वर्षं खेळतो बघ." मान डोलवा आणि गप्प राहा. या गर्दीत आकडा फक्त तुम्हाला ठाऊक आहे. अठ्ठ्याण्णव सामने. त्यातला एक आत्ता संपला.

संध्याकाळी सहाला पब बंद होतात, तेव्हा घाई करा. गुलाबी कागदावर छापलेला 'स्पोर्टिंग ग्लोब' घ्या आणि बारमध्ये पैशांचा विषय काढा. व्यावसायिक खेळाडू या शब्दाला इथं काय किंमत आहे ते कळेल. व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये 1930 पासून कूल्टर कायदा आहे: सामन्यामागे ठरावीक रकमेपेक्षा जास्त कुणाला द्यायचं नाही. सुरुवातीला ती तीन पौंड होती, पुढे थोडीथोडी वाढली. बारा गोल करणारा आणि दिवसभर चेंडूला न शिवलेला, दोघांना एकच मर्यादा. हजारो लोक तिकीट काढून ज्याला बघायला येतात, तो सोमवारी नोकरीधंद्याला लागतो. लीगचं म्हणणं असं की यामुळे श्रीमंत क्लब गरीब क्लबांचे खेळाडू पळवत नाहीत. हेतू चांगला असेलही. समतेचा खर्च मात्र खेळाडूच्या खिशातून भागवला जात होता.

सप्टेंबरात मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर या. मराठी माणसाला हे मैदान परकं नाही; दीड वर्षापूर्वीच विजय हजारे आणि दत्तू फडकर इथं कसोटी खेळून गेले आहेत. आज ग्रँड फायनल आहे, एसेंडन विरुद्ध कार्लटन, आणि नव्वद हजारांच्या आसपास लोक. एसेंडनचे कर्णधार आणि प्रशिक्षक डिक रेनल्ड्स यांना आधीच्या दोन वर्षांची जखम अजून बोचते आहे: 1947 ची फायनल एका गुणानं गेली, 1948 ची बरोबरीत सुटली आणि पुन्हा खेळवल्यावर हातची गेली. आज तसलं काही होणार नाही. शेवटच्या क्वार्टरमध्ये सामना केव्हाच संपलेला आहे. एसेंडन 73 गुणांनी जिंकेल. तरीही कुणी घरी निघत नाही. कोलमन सकाळी या मोसमातल्या 94 गोलांवर होता, आता 99 वर आहे. सहकारी दिसेल तो चेंडू त्याच्याकडे लाथाडत आहेत. शेवटच्या काही क्षणांत शंभरावा जातो. तुमच्या डोक्यावरची हॅट कुणीतरी हवेत उडवतो. ती परत मिळणार नाही.

1950 वर फार रेंगाळू नका. 120 गोल आणि पुन्हा अजिंक्यपद. सुखाच्या वर्षांत सांगण्यासारखं थोडंच असतं.

1951 मध्ये मात्र थांबा. साखळीतला शेवटचा सामना, समोर पुन्हा कार्लटन. कोलमनला ढकलणं, चिमटे, पोटात कोपर हे आता प्रत्येक फुल-बॅकचं ठरलेलं काम झालं आहे. कोलमनच्या मानेवर त्या दिवशी गळवं होती, हे पुढे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. कार्लटनच्या हॅरी कॅस्परचे ठोसे बसतात आणि कोलमन उलटून मारतो. पंच दोघांचीही तक्रार करतात. लीगच्या शिस्त-ट्रायब्यूनलसमोर पहिला हात कुणाचा हेही येतं, पण शिक्षा दोघांना सारखीच: चार सामने. कॅस्परच्या संघाचा मोसम तसाही संपलेला होता. कोलमनचे चार म्हणजे सगळे बाद सामने. सुनावणीच्या वेळी बाहेर रस्त्यावर जमलेल्या गर्दीत उभे राहिलात, तर तो बाहेर येताना दिसेल. बावीस वर्षांचा तो पोरगा रडतो आहे. एसेंडन त्याच्याविना फायनल गाठतं. गरजेपोटी, खेळणं सोडलेले रेनल्ड्ससुद्धा बूट चढवून राखीव म्हणून बसतात. जीलॉंगकडून हार होते, 11 गुणांनी. कोलमनचे सामन्यामागचे सरासरी गोल पाचाच्या वर होते. पाच गोल म्हणजे तीस गुण. तिकडचे लोक हा गुणाकार अजून करतात, आणि मला त्यांचं काही चुकतं असं वाटत नाही.

त्यानंतरच्या दोन वर्षांत 103 आणि 97 गोल.

जून 1954. आदल्याच आठवड्यात त्यानं फिट्झरॉयविरुद्ध 14 गोल मारले आहेत, त्याच्या आयुष्यातले सर्वाधिक. आज समोर नॉर्थ मेलबर्न आहे. तो झेपावतो आणि उतरताना पाय वाकडा पडतो. गुडघा निखळलेला आहे. त्याला मैदानाबाहेर नेतात आणि त्याच्याजागी राखीव खेळाडू धावत जातो. त्या काळी बदललेला खेळाडू परत येऊ शकत नसे. लोक हळहळतात, महिन्या-दीड महिन्यात येईल म्हणतात. वय पंचवीस आहे, असं म्हणायला हरकत काय? गुडघ्यात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करणं, एमआरआय, वर्षभराचा आखीव व्यायाम, हे सगळं अजून यायचं आहे. त्याच्यावर उपचार झाले, त्यानं परतायची धडपड केली, आणि 1956 च्या मोसमापूर्वी नाद सोडला. 98 सामने, 537 गोल.

व्हिक्टोरियन लीगचीच पुढे एएफएल झाली; तिचा आजचा खेळाडू पूर्णवेळ पगारी असतो, त्याच्यामागे डॉक्टरांचा ताफा असतो. कोलमननं पब चालवला. 1961 मध्ये क्लबनं त्याला प्रशिक्षक म्हणून परत बोलावलं. एसेंडनला 1962 आणि 1965 ची अजिंक्यपदं त्यानं मिळवून दिली, आणि 1967 नंतर ते काम थांबवलं. एप्रिल 1973 मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकारानं तो गेला.

1981 पासून लीगमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्याला कोलमन मेडल देतात. त्यासाठी फक्त साखळी सामन्यांतले गोल मोजतात, फायनलचे नाहीत. म्हणजे 1949 मध्ये हॅट गमावून तुम्ही साजरा केलेला तो शंभरावा गोल कोलमन मेडलच्या हिशेबात धरता येत नाही.