लाकडी खिळ्यांतून आलेली ‘वेस्टर्न’ अक्षरे

उंच, अरुंद, माथ्याला आणि पायाला जाड आडव्या पट्ट्या असलेली, काही ठिकाणी टोकांना फाटे फुटलेली अक्षरे पाहिली की अमेरिकेच्या पश्चिमेकडची गुराख्यांची वस्ती डोळ्यांपुढे येते. लाकडी पाट्या, लग्नाचे फलक, भेटकार्डे करणारे हौशी कारागीर याच ओळखीसाठी हे फॉन्ट निवडतात. प्रत्यक्षात ही अक्षरे पश्चिमेत जन्मलेली नाहीत. त्यांचे मूळ आराखडे लंडनमधल्या छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, ओतणाऱ्या कारखान्यांत तयार झाले, लाकडात ती कोरण्याचा उद्योग न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि विस्कॉन्सिनमध्ये वाढला. पश्चिमेकडचे छापखाने या मालाचे गिऱ्हाईक होते.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापील अक्षर म्हणजे मुख्यतः पुस्तकातले अक्षर. जाहिराती वाढल्या तेव्हा रस्त्यापलीकडून वाचता येईल अशा ठळक अक्षराची गरज पडली. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्स यांनी 1815च्या सुमारास चौकोनी, जाड सेरिफांचे, म्हणजे टोकाला भक्कम पट्ट्या असलेले अक्षर विक्रीला आणले. 1821 मध्ये कॅस्लन अँड कॅथरवूड यांनी ‘इटालियन’ नावाचे अक्षर काढले, त्यात नेहमीचा क्रमच उलटा होता: उभे दांडे बारीक आणि आडव्या पट्ट्या जाड. टी. सी. हॅन्सार्ड यांनी 1825च्या ‘टायपोग्राफिया’ या ग्रंथात अशा नव्या जाहिराती अक्षरांचा कडक समाचार घेतला. पुस्तकाच्या पानासाठी त्यांचे म्हणणे रास्तच होते, पण भिंतीवरच्या कागदाला तो नियम लागू पडत नव्हता. 1845 मध्ये रॉबर्ट बेस्ली यांच्या फॅन स्ट्रीट कारखान्याने ‘क्लॅरेंडन’ नोंदवून घेतले. त्याला तीन वर्षांचे संरक्षण मिळाले, आणि ती मुदत संपताच नकलांचा पूर आला. पुढे क्लॅरेंडन आणि इटालियन यांच्या मिश्रणातून अरुंद ‘फ्रेंच क्लॅरेंडन’ घडले. आज ‘वेस्टर्न’ म्हटल्यावर जे अक्षर आठवते ते बहुतेक वेळा हेच असते.

मोठ्या अक्षरांसाठी शिसे गैरसोयीचे होते. ते जड, महाग आणि ठिसूळ, शिवाय मोठा खिळा ओतताना धातू सगळीकडे सारखा थंड होत नसल्याने छापणारा पृष्ठभाग सपाट राहत नसे. लाकूड हलके आणि स्वस्त होते, पण प्रत्येक अक्षर हाताने कोरायचे तर धंदा परवडणारा नव्हता. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी 1827 मध्ये आडवे कोरणारे राउटर यंत्र वापरून ही अडचण सोडवली आणि पुढच्याच वर्षी लाकडी खिळ्यांची नमुनावही काढली. 1834 मध्ये विल्यम लेव्हनवर्थ यांनी राउटरला पँटोग्राफ जोडला. एका मोठ्या साच्याच्या कडेवरून सुई फिरवली की दुसऱ्या टोकाचे पाते तेच अक्षर हव्या त्या मापात कोरे. कारागिराच्या हातातले कसब त्यामुळे साच्यात गेले, आणि नवनवी चित्रविचित्र रूपे काढणे सोपे झाले.

लाकूड निवडण्यात मोठी पारख लागे. टणक मेपलचे खोड आडवे कापून चकत्या काढत आणि त्या दीर्घ काळ वाळवत. अक्षर कोरले जाई ते तंतूंची टोके वर येतात त्या बाजूवर. फळीच्या लांबीवर कोरलेले अक्षर दाबाखाली चिरते. आडव्या छेदावर कोरलेले बारीक टोकही हजारो छाप सोसते. पृष्ठभाग घासून गुळगुळीत करत आणि खिळ्याची उंची शिशाच्या खिळ्याइतकीच, 0.918 इंच ठेवत, म्हणजे दोन्ही एकाच चौकटीत बसत.

कनेक्टिकटच्या विल्यम पेज यांच्या कंपनीने 1874 मध्ये रंगीत लाकडी खिळ्यांची नमुनावही छापली, या धंद्यातले हे सर्वांत देखणे काम. एकाच अक्षराचे दोन-तीन खिळे कोरायचे आणि ते वेगवेगळ्या शाईत एकावर एक छापायचे, अशी ती युक्ती. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावी जे. एडवर्ड हॅमिल्टन यांनी 1880 मध्ये वेगळी वाट धरली. स्थानिक वृत्तपत्राच्या संपादकाला एका पोस्टरसाठी घाईने मोठी अक्षरे हवी होती. हॅमिल्टन यांनी ती पायाने चालणाऱ्या करवतीवर कापून लाकडी ठोकळ्यांवर चिकटवली. स्वस्तपणामुळे हा माल झपाट्याने खपला आणि 1891 मध्ये त्यांनी पेज यांची कंपनीही विकत घेतली.

सर्कस, नाटके, लिलाव, आगगाड्या, बक्षिसांचे फलक अशा सगळ्यांना ही अक्षरे लागत. अब्राहम लिंकन यांच्या खुनानंतर 20 एप्रिल 1865 रोजी युद्ध खात्याने काढलेल्या एक लाख डॉलरच्या बक्षिसाच्या पत्रकात मोठ्या ठळक अक्षरांच्या ओळी आहेत. अशा पोस्टरांत प्रत्येक ओळीचे वळण निराळे असते, आणि त्यामागे सजावटीइतकीच गरजही होती. ओळ कागदाच्या रुंदीभर पुरवायची, म्हणून लहान शब्दाला पसरट खिळे आणि लांब शब्दाला अरुंद. एका मापाचे खिळे संपले की जुळारी दुसरे घेई.

शिलामुद्रण आणि नंतर ऑफसेट छपाई यांनी लाकडी खिळ्यांची मागणी खाल्ली. चित्रपटांनी मात्र या वळणाचा पश्चिमेशी संबंध पक्का केला. 1938 मध्ये रॉबर्ट हार्लिंग यांनी इंग्लंडच्या स्टीफनसन ब्लेक कंपनीसाठी ‘प्लेबिल’ हे याच वळणाचे अक्षर काढले. रॉब रॉय केली यांच्या 1969च्या ग्रंथाने या विस्मृत धंद्याचा इतिहास नीट मांडला. त्यांचा खिळ्यांचा संग्रह ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात आहे. 1990 मध्ये अडोबीने जुन्या लाकडी अक्षरांवरून ‘मेस्कीट’, ‘जुनिपर’, ‘पाँडेरोसा’ असे झाडांच्या नावांचे फॉन्ट आणले. पुढचा ‘रोझवूड’ तर पेज यांच्या दुरंगी अक्षरावरून घेतलेला. निकोल फॅली यांचा याच वळणाचा ‘राय’ हा फॉन्ट मुक्त परवान्यावर मिळतो.

हस्तकलेत निवड करताना हा इतिहास थेट उपयोगी पडतो. ही अक्षरे थोड्या शब्दांसाठी आणि मोठ्या मापासाठी घडली, त्यामुळे पाटीवरचा एखादा मुख्य शब्द त्यांत शोभतो. पत्ता किंवा तारीख मात्र साध्या जाड अक्षरात द्यावी. फाटे फुटलेले टस्कन वळण बहुधा मोठ्या (कॅपिटल) लिपीतच वापरावे. कापणी यंत्रावर फ्रेंच क्लॅरेंडनचे बारीक उभे दांडे लहान मापात तुटतात, म्हणून आधी एक अक्षर कापून पाहावे. स्टेन्सिलमध्ये ‘ओ’ आणि ‘बी’ यांच्या पोकळीतले तुकडे गळून पडतात. तिथे जोडपट्टी ठेवावी लागते. दुरंगी फॉन्टमध्ये आधी भरणीचा थर रंगवून तो पूर्ण वाळल्यावर बाह्यरेषेचा थर द्यावा.

झिजल्यासारख्या, ठिपकेदार फॉन्टचा मोह बहुतेकांना होतो. जुना जुळारी झिजलेला खिळा दोषच मानी. त्याला भरीव काळा ठसा हवा असे. कापणी यंत्रात तर त्या ठिपक्यांचे असंख्य कण सुटतात आणि एकेक उचलत बसावे लागते. स्वच्छ कडांचा फॉन्ट घेऊन रंग वाळल्यावर पाटीवरच बारीक पॉलिश कागद फिरवला की झीज लाकडाच्या रेषांप्रमाणे उतरते, आणि ती खरी दिसते.