लाहोरचे गांधर्व महाविद्यालय आणि त्याचे विद्यार्थी

महाराष्ट्रातील संगीताचा इतिहास सांगताना मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर ही नावे ओघानेच येतात. परंतु त्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान लिहिले गेले ते रावीकाठच्या लाहोर शहरात. 5 मे 1901 रोजी विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी तेथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. त्या वेळी त्यांचे वय अवघे 28 वर्षांचे होते. मुलूख परका, भाषा परकी, आणि पाठीशी ना कोणते संस्थान, ना सरकार. लोकांनी दिलेल्या देणग्या आणि स्वतःच्या गायनाचे जलसे एवढ्याच भांडवलावर हा संसार मांडला गेला.

या धाडसामागची प्रेरणा समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचा हा मुलगा. लहानपणी शोभेच्या दारूच्या स्फोटाने त्याची दृष्टी अधू झाली, शाळा सुटली आणि तो मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गायन शिकू लागला. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बुवा हे थोर गायक होते, आणि शिक्षणाची रीत त्या काळच्या सर्वच गुरुगृहांची होती. गुरूच्या घरी राहावे, पडेल ते काम करावे आणि गुरूची मर्जी असेल तेव्हा विद्या घ्यावी. काय शिकायचे, किती शिकायचे, शिक्षण संपले कधी, याला लेखी नियम नव्हता. विद्या अस्सल होती. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र फार अरुंद होती.

याच मिरजेतली एक हकीकत त्यांच्या चरित्रांतून सांगितली जाते. एका समारंभाचे निमंत्रण दरबारच्या मर्जीतल्या विष्णूला आले, पण गुंडोबुवा इंगळे यांना आले नाही. कारण विचारता उत्तर मिळाले ते एवढेच, की ते गवई आहेत. गाणे ऐकायला समाजाला हवे, पण गाणाऱ्याला पंक्तीत स्थान नको, ही विसंगती त्या तरुणाच्या मनाला लागली. 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडले, उत्तर हिंदुस्थानात भ्रमंती केली आणि अखेर लाहोरात मुक्काम ठोकला. गवयाला प्रतिष्ठा मिळवून द्यायची तर संगीताला शाळा हवी, हा त्यांचा निष्कर्ष होता.

या शाळेत नवे काय होते? ठरलेल्या वेळी भरणारे वर्ग होते, ठरलेला अभ्यासक्रम होता, परीक्षा होत्या. चिजा कागदावर उतरवण्यासाठी विष्णु दिगंबरांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती सिद्ध केली आणि ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके छापून विद्यार्थ्यांच्या हाती दिली. एरवी उस्ताद जी चीज वर्षानुवर्षे झाकून ठेवत, ती आता शाळकरी मुलाच्या दप्तरात आली. ज्या घरांत गाणे म्हणजे मुले बिघडण्याचे साधन समजले जाई, त्या घरांतील मुले, आणि पुढे मुलीदेखील, उजळ माथ्याने गाणे शिकू लागल्या.

मात्र या संस्थेचा खरा कणा होता तो ‘उपदेशक वर्ग’. गरीब पण गुणी मुले निवडावीत, त्यांच्या राहण्याजेवण्याचा व शिक्षणाचा भार संस्थेने उचलावा आणि त्याबदली त्यांनी नऊ वर्षे संस्थेत राहण्याचा करार करावा, अशी ही योजना होती. पहाटेपासून स्वरसाधना, दिवसभर शिक्षण आणि थोडी तयारी होताच खालच्या वर्गांना शिकवण्याचे काम. शिस्त कडक, राहणी साधी. गुरुकुलाची निष्ठा आणि शाळेची व्यवस्था यांचा हा संयोग होता.

शाळेत गवई घडतो काय, हा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही तो ऐकू येतो. आठवड्यातून काही तास वर्गात बसून कोणी मैफलीचा गायक होत नाही, हे खरेच आहे. शृंगारिक चिजांचे शब्द बदलून त्यांना भक्तीचे रूप देण्याचा विष्णु दिगंबरांचा आग्रहही सर्वांना रुचला नाही. परंतु या संस्थेत दोन वेगळी कामे चालत होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. सामान्य वर्गातून जाणता श्रोता तयार व्हावा आणि उपदेशक वर्गातून शिक्षक व कलावंत. तानसेनाला कानसेन लागतो, आणि कानसेनही शिकवावा लागतो.

आक्षेपाचे उत्तर अखेर विद्यार्थ्यांनीच दिले. खंबायतकडील एका गरीब घरातला मुलगा भडोचच्या शापुरजी डुंगाजी या दानशूर पारशी गृहस्थांच्या साहाय्याने विष्णु दिगंबरांकडे आला. तेच ओंकारनाथ ठाकूर. विशीच्या उंबरठ्यावर असतानाच गुरूने लाहोरच्या विद्यालयाची धुरा त्यांच्यावर सोपवली. पुढे काशी हिंदू विश्वविद्यालयातील संगीत महाविद्यालयाचे ते पहिले प्रमुख झाले, आणि 15 ऑगस्ट 1947 च्या सकाळी आकाशवाणीवरून त्यांचे ‘वंदे मातरम्’ देशाने ऐकले. नारायणराव व्यासांचे गाणे ध्वनिमुद्रिकांमधून घरोघर पोहोचले. बा. र. देवधरांनी मुंबईत संगीताची शाळा काढली आणि त्याच शाळेत बालवयातले कुमार गंधर्व शिकायला आले. नारायण मोरेश्वर खरे तर साबरमतीच्या आश्रमात गेले, तेथील प्रार्थनेला त्यांनी सूर दिला आणि 1930 च्या दांडीयात्रेत ते गांधीजींच्या तुकडीतून चालले. एकाच मांडवाखाली शिकलेली ही माणसे; एकाची वाट दुसऱ्यासारखी नाही.

संस्थापकाच्या वाट्याला मात्र उतारवयात कष्टच आले. 1908 मध्ये महाविद्यालयाचे काम मुंबईत सुरू झाले होते. तेथे कर्ज काढून इमारत उभारली, पण ते कर्ज फिटेना, आणि इमारत लिलावात गेली. एरवी अशा संस्थेची कथा येथेच संपते. विष्णु दिगंबर नाशिकच्या आश्रमात रामनामात रमले आणि 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेस त्यांचे निधन झाले.

त्याच वर्षी शिष्य अहमदाबादेत एकत्र आले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. विनायकराव पटवर्धन हे लहानपणी मिरजेहून लाहोरला जाऊन शिकलेले. त्या वेळी ते बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत नावारूपाला आलेले नट होते. त्यांनी रंगभूमी सोडली आणि 1932 मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 मध्ये तीच परंपरा दिल्लीला नेली.

विष्णु दिगंबरांचा मुलगा दत्तात्रेय पित्याच्या मृत्यूच्या वेळी दहा वर्षांचा होता. पित्याजवळ बसून शिकण्याचे भाग्य त्याला फारसे लाभले नाही. विनायकरावांनी आणि नारायणराव व्यासांनी त्याला शिकवले. द. वि. पलुस्कर या नावाने त्याची गायकी देशभर गाजली, आणि 1955 मध्ये अवघ्या 34 व्या वर्षी तो गेला तेव्हा सारे संगीतजग हळहळले. जुन्या रीतीत घराण्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाई. येथे ती बापाने परक्यांच्या मुलांना वाटली होती, म्हणूनच ती त्याच्या मुलाला परत मिळू शकली.

1947 च्या फाळणीत लाहोर परदेश झाले. ज्या शहरात हे बीज पेरले गेले, ते भारताच्या नकाशावर उरले नाही. पण ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंतच्या मंडळाच्या परीक्षांना आजही देशाच्या कानाकोपऱ्यांतून मुले बसतात. त्यांतली बहुतेक मुले मैफल गाजवणार नाहीत. परंतु गवई आहे म्हणून निमंत्रण नाकारण्याचे दिवस मागे पडले, याचे श्रेय त्यांच्यासारख्या असंख्य विद्यार्थ्यांना, आणि त्यांच्यासाठी शाळेचे दार उघडणाऱ्या त्या अधू दृष्टीच्या द्रष्ट्या गवयाला द्यावे लागेल.