गडाच्या किल्ल्या आणि गडाचा हिशेब

शिवनेरीच्या माथ्यावर उभें राहिलें असतां जुन्नर शहर पायथ्याशीं पसरलेलें दिसतें. ह्याच गडावर 1630 सालीं शिवाजीमहाराजांचा जन्म झाला. परंतु त्यांच्या हयातींत तो त्यांच्या राज्यांत कधींच आला नाहीं. तो मिळविण्याचा एक प्रयत्न कसा फसला, हें त्या काळीं जुन्नरास आलेल्या जॉन फ्रायर नामक इंग्रज वैद्यानें लिहून ठेविलें आहे. मोंगलांच्या किल्लेदारास द्रव्य देऊं करण्यांत आलें. त्यानें तें घेतलें, रुकार दिला, आणि गुप्तपणें आपल्या सरदारास वर्दी देऊन मराठ्यांवर छापा घालविला. सारी भिस्त एका माणसाच्या शब्दावर होती.

महाराजांच्या स्वतःच्या गडांवर मात्र अशी एकहातीं सत्ता नव्हती. सभासदाच्या बखरींत तेथील व्यवस्था आढळते. हवालदाराकडे गडाचा ताबा व दरवाज्याच्या किल्ल्या. सबनिसाकडे हजिरी व जमाखर्च. सरनोबताकडे शिबंदी व पहारा. आणि धान्य व दारूगोळा ह्यांची आवक-जावक कारखानिसाकडे. हवालदार, सबनीस व सरनोबत हे तिघे एकाच दर्जाचे असत. नियम ठरविणारा राजा. त्याप्रमाणें दार उघडणारा एक, आणि काय आलें-गेलें तें लिहिणारा दुसरा. एक फितला तरी गड जात नसे.

हेंच तत्त्व आजच्या संगणकजालांतही दिसतें. कोणाच्या संदेशास अग्रक्रम द्यावा, ह्याचा निर्णय एक यंत्र करतें. वेशीवरचें दुसरें यंत्र तो निर्णय अमलांत आणतें. आणि कोणी किती वापर केला, ह्याची नोंद तिसऱ्याकडे जाते. वेशीवरच्या यंत्रानें स्वतः नियम करावयाचे नाहींत, आणि हिशेबनिसानें दार उघडावयाचें नाहीं, असा हा संकेत आहे.

परंतु केवळ कामें वांटून भागत नाहीं. पुढें औरंगजेबानें कित्येक मराठी गड द्रव्य देऊनच घेतले. 1703 सालीं सिंहगडही तसाच गेला. राजगादीची घडी विस्कटली होती.  किल्ल्या एकाकडे आणि वही दुसऱ्याकडे असली, तरी ती वही वाचणारा तिसरा जागा असावा लागतो.