जबलपूरमधील सण-उत्सव
मध्य प्रदेशातील नर्मदाकाठच्या जबलपूर शहरात वर्षभर साजरे होणारे धार्मिक व सांस्कृतिक उत्सव. इंग्रजी अंमल १८१७ मध्ये येण्यापूर्वी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे होता. येथे मराठी कुटुंबांची जुनी वस्ती आहे.

*कालगणना* : स्थानिक हिंदी पंचांग पौर्णिमान्त, तर मराठी पंचांग अमान्त आहे. त्यामुळे वद्य पक्षातील सणांच्या महिन्यांची नावे बदलतात : मराठी श्रावण वद्य अष्टमीची जन्माष्टमी येथे भाद्रपदात, तर माघातील महाशिवरात्र फाल्गुनात मोजली जाते. दिवस मात्र एकच असतो.

*प्रमुख उत्सव* : चैत्र शुद्ध प्रतिपदेला हिंदी भाषकांचे विक्रम संवत सुरू होते, त्याच दिवशी मराठी घरांत गुढी उभारतात. भाद्रपदात हरतालिका (हिंदीत ‘तीजा’) व गणेशोत्सव येतात. शारदीय नवरात्रात देवीची सार्वजनिक प्रतिष्ठापना होते. दसऱ्याची मिरवणूक, म्हणजे चल समारोह, प्रसिद्ध आहे. तेवर येथील त्रिपुरसुंदरी मंदिरातही तेव्हा दर्शनाला गर्दी लोटते. तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी.

*नर्मदेचे उत्सव* : माघ शुद्ध सप्तमीला, म्हणजे रथसप्तमीलाच, नर्मदा जयंती असते. ग्वारीघाटावर स्नान, पूजा, दीपदान व आरती होते. भाविक नदीला चुनरी अर्पण करतात. कोजागरीच्या सुमारास भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांच्या सान्निध्यात संगीत-नृत्याचा नर्मदा महोत्सव भरतो. तेथेच त्रिपुरारी पौर्णिमेला मोठी जत्रा असते. नर्मदेवरील श्रद्धा हा या शहरातील मराठी व हिंदी भाषकांना जोडणारा सर्वांत बळकट धागा आहे.