कलहारीतला लांबलेला पाळणा

आदिम कुटुंबाचे एक ठरावीक चित्र आपल्या मनात असते: भाला घेऊन शिकारीला गेलेला पुरुष आणि मुले सांभाळत त्याची वाट पाहणारी स्त्री. कलहारीतील कुंग सान लोकांवरचे संशोधन वाचताना हे चित्र टिकत नाही, असे आम्हांला वाटते.

मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली यांनी १९६३ पासून आजच्या बोत्स्वानातील डोबे परिसरात या लोकांचा अभ्यास केला. त्यांच्या नोंदींनुसार आहाराचा सुमारे दोन तृतीयांश भाग कंदमुळे, फळे आणि मोंगोंगोच्या बियांचा होता, आणि हे अन्न मुख्यतः स्त्रियाच गोळा करीत. घर चालत होते ते त्यांच्या पायपिटीवर.

या पायपिटीचा कुटुंबाच्या घडणीशी थेट संबंध आहे. लहान मूल आईच्या पाठीवर असे. परतताना अन्नाचा भारही तिच्याच अंगावर. दुभती जनावरे नाहीत, पेजेला धान्य नाही. तेव्हा मूल तीन-चार वर्षे अंगावर पीत राही. वारंवार पाजण्याने पुढची गर्भधारणा लांबते. नॅन्सी हॉवेल यांच्या लोकसंख्याविषयक अभ्यासात दोन जन्मांतील अंतर साधारण चार वर्षांचे आढळते. पाळणा लांबवला होता तो कोणत्या उपदेशाने नव्हे, अन्नाच्या स्वरूपाने.

मांसानेही नाती घडवली. लग्नानंतर जावई काही वर्षे सासुरवाडीच्या वस्तीत राहून त्यांच्यासाठी शिकार करी. मांसवाटपाचा मान ज्याचा बाण प्रथम लागला त्याचा. बाण मात्र उसना घेतलेला असू शके. त्यामुळे निष्णात शिकाऱ्यालाही मिरवता येत नसे.

पशुपालकांच्या वस्तीजवळ स्थिरावून दूध-धान्य मिळू लागले, तशी जन्मांतील अंतरे कमी झाल्याचे ली यांनी नोंदवले.

या जीवनाचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही. हॉवेल यांच्या आकडेवारीत सुमारे पाचातले एक मूल पहिल्याच वर्षी दगावते. शिवाय हे लोक म्हणजे अश्मयुगाचा जिवंत अवशेषही नव्हेत; पशुपालकांशी आणि व्यापाराशी त्यांचे जुने संबंध एडविन विल्मसेन यांनी १९८९ मध्ये पुढे आणले.

तरीही एक गोष्ट उरतेच. आई, जावई, भावंडे या ज्या नात्यांना आपण 'निसर्गदत्त' म्हणून साहित्यात वाचतो, त्यांच्या आकारामागे कुणीतरी वाहून आणलेल्या अन्नाचा हिशेब असतो. तो हिशेब न मांडता कुटुंबाला सनातन ठरवणे, म्हणजे तो भार वाहणारीलाच इतिहासातून वगळणे होय.