मराठी साहित्यातील बंडखोर नायिका : यमुना ते बेणारे

मराठी कादंबरीचा आरंभच स्त्रीच्या प्रश्नाने झाला. बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिली, ती विधवांची दुःस्थिती मांडण्यासाठी. पतीसमवेत प्रवास करताना यमुना ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकते आणि पुढे तिच्यावरही वैधव्य ओढवते. अखेरीस ती ख्रिस्ती धर्म स्वीकारून पुनर्विवाह करते. रूढी मोडणाऱ्या नायिकांची परंपरा येथून सुरू होते. मात्र यमुनेच्या बंडाची वाट लेखकाच्या धर्मविचारातून जाते.

यमूचे आत्मकथन

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. तिची नायिका यमू हिला रूढीतून सुटता येत नाही. वैधव्यानंतर तिचे केशवपन होते. तरीही ती आपली कहाणी स्वतःच्या तोंडून सांगते. मुकाट सोसणे हाच जिचा धर्म मानला गेला, तिने बोलणे हीच त्या काळातील मोठी अवज्ञा होती.

कालिंदीचा निर्णय

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या ‘ब्राह्मणकन्या’ (१९३०) मधील कालिंदी याच्या पुढे जाते. आईच्या जन्मकुळावरील बट्ट्यामुळे तिच्या विवाहाची वाट अडते. तेव्हा ती शिवशरणप्पा या व्यापाऱ्यासोबत विवाहाविना राहण्याचा निर्णय घेते. समाजशास्त्रज्ञ असलेल्या केतकरांना तिच्या निमित्ताने जातिव्यवस्थेची आणि विवाहसंस्थेची चिकित्सा करावयाची होती. त्यामुळे कालिंदी धाडसी असली, तरी तिच्या मनापेक्षा तिच्या प्रश्नाची चर्चा अधिक होते.

विभावरी शिरूरकरांच्या स्त्रिया

ही उणीव १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ या कथासंग्रहाने भरून काढली. शिकलेल्या, मिळवत्या, परंतु वय वाढूनही अविवाहित राहिलेल्या मुली या कथांच्या केंद्रस्थानी आहेत. मुलीच्या पगारावर घर चालते, म्हणून तिचे लग्न लांबणीवर पडते. आईवडिलांचा संसार सांभाळताना तिचा स्वतःचा संसार राहून जातो. या मुलींना प्रेमाची आणि देहसुखाची ओढ आहे, आणि ती लेखिकेने आडपडदा न ठेवता मांडली. पुस्तकावर मोठे वादळ उठले. ‘विभावरी शिरूरकर’ कोण, याचा शोध सुरू झाला. या टोपणनावामागे बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर होत्या. नायिकांनी उघड बोलावे यासाठी लेखिकेला स्वतःचे नाव झाकावे लागले.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘हिंदोळ्यावर’ मधील अचला ही पतीने टाकलेली स्त्री. विरागवर तिचे प्रेम जडते. पण हिंदू स्त्रीला घटस्फोटाची तरतूद तेव्हा कायद्यात नव्हती. मुंबई प्रांतात ती १९४७ मध्ये, तर हिंदू विवाह कायद्याने देशपातळीवर १९५५ मध्ये झाली. त्यामुळे अचलेची सहजीवनाची आणि मातृत्वाची इच्छा त्या काळी थेट समाजाविरुद्धचे बंड ठरत होती.

बेणारेवरचा खटला

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकातील लीला बेणारे ही शाळेतील शिक्षिका. ती स्वावलंबी आहे, विनोदी आहे आणि विवाहाविना गरोदर आहे. गंमत म्हणून सुरू झालेल्या अभिरूप खटल्यात सहकारी तिच्या खासगी आयुष्याची चिरफाड करतात. गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावली जाते. संबंधित प्राध्यापक दामले मात्र रंगमंचावर येतही नाहीत.

यमुनेपासून बेणारेपर्यंत शंभराहून अधिक वर्षे लोटली. या काळात नायिका शिकली, मिळवती झाली, स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ लागली. तिच्या निर्णयाचा निवाडा करण्याचा हक्क मात्र इतरांनी सोडला नाही. या साहित्यकृती आजही वाचकाला अस्वस्थ करतात, त्या यामुळेच.