रंध्यानं स्वतः केलेली वाट

इंग्रजी सुतारकामात ‘शूट’ म्हणजे लाकडाची कड रंध्यानं सरळ करणं. १७व्या शतकात लंडनच्या जोसेफ मॉक्सननं सुतारकामावर लिहिताना हाच शब्द वापरलाय. शूटिंग बोर्ड म्हणजे दोन पायऱ्यांची फळी आणि वर काटकोनात बसवलेली आडवी पट्टी. लाकूड पट्टीला टेकवायचं, रंधा कुशीवर आडवा करून खालच्या पायरीवरून सरकवायचा. टोक काटकोनात आलं नाही, तर फ्रेमच्या कोपऱ्यात फट दिसणारच.

२०व्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या स्टॅन्ली कंपनीनं बिडाचा बोर्ड काढला, क्रमांक ५२. रंधा बाजूला सरकू नये म्हणून त्याला खाचेची वाट दिली. १९४०च्या दशकात तो बंद झाला. घरी करायचा लाकडी बोर्ड मात्र टिकला.

का टिकला, याचं उत्तर मला रंध्याच्या तळाशी सापडतं. पातं तळाइतकं रुंद नसतं. म्हणून पहिल्या काही फेऱ्यांत रंधा वरच्या पायरीची कड तासतो, पण तिच्या बुडाशी एक अरुंद पट्टी तशीच राहते. तळ त्या पट्टीला टेकला की कड तासली जाणं थांबतं. मग पायरीवर मेण घासायचं. कारखान्यानं बिडात घडवलेली वाट इथे रंधाच करून घेतो, तीही उरलेल्या फळीत.